मिसेस हालव्हर्सनचं चाक

मिसेस हालव्हर्सननी कॉफीचा मग टेबलावर ठेवला, स्वेटर खाली ओढला, स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि पालथा हात तोंडावर आपटत एक लांबलचक आरोळी ठोकली.

"ओ-ओ-ओ-ओ-ओ!"

फ्रिजवर बसलेलं मांजर उडी मारून दुसऱ्या खोलीत पळालं.

"हे असं," म्हणत त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, पण धाप म्हणून लागली नव्हती. "माझं चाक ढकलत नेताना तो माणूस हे असं करत होता. मी या खिडकीतून पाहिलं. नुकतं उजाडत होतं."

आमचे सार्जंट ब्रूबेकर पुढे सरकले. "स्वतःच्याच तोंडावर मारत होता?"

"स्वतःच्याच."

"आणि बाकीचे?"

"दोघे होते. ते हसत होते. तिघांनीही त्या टोप्या घातल्या होत्या, नुसते डोळे आणि नाक दिसतं बघा, तसल्या. चेहरे काही कळले नाहीत."

"चेहरा झाकणाऱ्या टोप्या," सार्जंट माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. "सराईत टोळी आहे. आणि एकाला चाक उचलताना तोंडावर लागलंय. दात पडला असणार. हेमा, आसपासच्या दातांच्या दवाखान्यांत फोन लाव. आज सकाळी कोणी तोंड धरून आलाय का विचार."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझा जन्म गुहागरजवळचा. माकडटोपी म्हणजे काय आणि शिमग्याची बोंब म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मिनियापोलिसच्या पश्चिमेला वसलेल्या मेपलफर्ड नावाच्या या आखीवरेखीव उपनगरात, गुडघाभर बर्फात उभं राहून भल्या पहाटे बोंब ठोकणारा माणूस कुठल्याही गुन्हेगारांच्या नोंदीत सापडणार नव्हता. तो मराठी मंडळाच्या पंगतीत सापडला असता. आणि त्याच संध्याकाळी मंडळाची होळी होती.

मी तेव्हा खात्यात नवी नव्हते, पण डिटेक्टिव्ह म्हणून नवी होते. काही वर्षं गस्तीच्या गाडीत काढल्यावर मला सहा महिन्यांच्या बोलीवर वर घेतलं होतं. पसंत पडले तर कायम, नाही तर परत गाडीत. पुढे त्याच खात्यात माझे केस पांढरे झाले. दरोडे पाहिले, दोन खून पाहिले, एका नगरसेवकाला त्याच्याच पोहण्याच्या तलावातून बाहेर काढून बेड्या घातल्या. पण माझी डिटेक्टिव्हकी टिकते की बुडते, याचा फैसला त्या मार्चमधल्या शनिवारी एका मोडक्या चाकावर झाला.

चाक साधंसुधं नव्हतं. मिसेस हालव्हर्सनच्या नवऱ्याचे आजोबा ज्या घोडागाडीतून या प्रांतात आले, त्या गाडीचं ते शेवटचं चाक. इथे अशी जुनी चाकं घरापुढच्या हिरवळीवर शोभेला ठेवतात, ऊन-पाऊस-बर्फ सगळं त्यांच्यावर पडू देतात आणि त्याला वारसा म्हणतात. त्याआधी पंधरवडाभर गावात बारीकसारीक लाकूड नाहीसं होत होतं. कुणाच्या टोमॅटोच्या काठ्या, कुणाच्या सहलीच्या बाकाचा तुटका पाय, बर्फ काढणाऱ्या गाडीने आडवा पाडलेला टपालपेटीचा खांब. उघड्या गॅरेजात हजार डॉलरची सायकल उभी असायची, तिला हात नाही, आणि शेजारचं कुजकं फळकूट गायब. सार्जंट याला "विकृतीचा एक प्रकार" म्हणत. पण चाक गेलं आणि प्रकरण चिघळलं, कारण मिसेस हालव्हर्सन आयुष्यभर शाळेत शिक्षिका होत्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. आमचे पोलीसप्रमुख त्यांच्या तिसरीच्या वर्गात होते आणि अजून त्यांच्यापुढे खिशातून हात बाहेर काढून उभे राहत.

आम्ही अंगणात गेलो. बर्फात चाकाचा माग स्पष्ट उमटला होता. तो फाटकातून बाहेर पडून पदपथावरून गेला होता आणि बर्फ काढलेल्या डांबरी रस्त्यावर येऊन संपला होता. सार्जंट त्या मागावरून दोनदा चालून आले. मी मात्र चाकाच्या रिकाम्या जागेपुढे खिळून उभी राहिले.

चाकाला टेकून चिनीमातीचे बुटके ठेवलेले असायचे, लाल टोप्यांचे, पांढऱ्या दाढीचे. इथल्या बागांत असतात. चोरांनी चाक काढताना ते बाजूला केले होते. नुसते बाजूला केले नव्हते. ते सातही जण एका ओळीत उभे होते. सर्वांत बुटका पुढे, मग त्याहून जरा उंच, मग त्याहून, आणि प्रत्येकामध्ये बरोबर हातभर अंतर. राष्ट्रगीत तेवढं बाकी होतं.

"बघितलंस?" सार्जंट मागून म्हणाले. "डोकं फिरलेला आहे."

गेले चार महिने माझ्या घरात हिंगाची डबी सर्वांत पुढे, तिच्यामागे मोहरी, मग हळद, मग डाळी आणि सर्वांत मागे तांदळाचा डबा, अशी कवायत चालू होती. चपला उंचीप्रमाणे. शाम्पूच्या बाटल्या उंचीप्रमाणे. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, रघुवीर मयेकर, गावच्या हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मुलं संपली तरी त्यांचं रांगा लावणं संपलं नव्हतं.

परतताना गाडीत सार्जंटनी घसा खाकरला. "प्रमुखांचा सकाळपासून दोनदा फोन आलाय. तुझी मुदत या महिन्याअखेर संपते. तुझ्या नावावर एकही सुटलेलं प्रकरण नाही, हेमा."

"त्या चोरीला गेलेल्या सायकलचं?"

"ती मालकाच्याच गॅरेजात सापडली."

"शोधली मीच ना?"

"हे चाक शोध," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "चाक आण, मी तुझ्यासाठी भांडतो. नाही आणलंस तर मला भांडायला तोंड नाही."

म्हणजे चोर सापडला तर माझी नोकरी राहणार होती, आणि चोर माझा जन्मदाता होता. गुन्हा नोंदवला गेला तर आप्पांना पुन्हा व्हिसा मिळणं अवघड. आई गेल्यापासून ते दरवर्षी माझ्याकडे येत, तेही ऐन हिवाळ्यात, कारण आंब्याला ते गावी हवेत. येऊन थंडीला नावं ठेवत, पण येत. आणि मी गप्प बसले असते, तर मी परत गस्तीच्या गाडीत आणि आप्पांना आनंदाच्या उकळ्या. कारण माझी ही नोकरी त्यांना फुटक्या डोळ्याने बघवत नव्हती.

त्याला कारण होतं. मी लहान असताना शाळेची पितळी घंटा चोरीला गेली. कोणी नेली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरपंचाचा भाचा. आप्पा स्वतः चालत जाऊन तक्रार देऊन आले. हवालदार आला, चहा प्यायला, भाच्याशी चार गप्पा मारल्या आणि प्रकरण मिटवून गेला. पुढे कित्येक वर्षं आमच्या शाळेत घंटेऐवजी रुळाचा तुकडा वाजायचा आणि तो वाजला की आप्पांचा चेहरा कडू व्हायचा. "पोलीस म्हणजे मिटवामिटवी," हे त्यांचं कायमचं मत. मी पोलिसांत गेले तेव्हा ते फोनवर एवढंच म्हणाले होते, "आता तूही मिटवशील."

सार्जंटना मी म्हटलं, "मला घराकडे सोडा. एक धागा आहे."

घरात शिरले तर पुरणाचा घमघमाट सुटला होता. नवरा, उदय, मंडळाच्या टेबलखुर्च्या लावायला गावच्या सार्वजनिक बागेत गेला होता. आप्पा एकटेच ओट्यापाशी उभे राहून पुरण घाटत होते. स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, चेहऱ्यावर असं समाधान की जणू सगळी शाळा शंभर टक्के पास झाली आहे.

"आलात का डिटेक्टिव्हबाई? सापडला का कोणी चोरबीर?"

"आप्पा, बसा."

"पुरण लागेल गो."

"गॅस बंद करा आणि बसा."

ते बसले. माझ्या आवाजात काहीतरी असावं. मी समोरची खुर्ची ओढली आणि नियमाप्रमाणे सुरुवात केली, कारण नियम म्हणजे नियम. "तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे."

"उभ्या जन्मात कधी राहिलो नाही, आता कुठे राहू?"

"तुम्ही जे बोलाल ते पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल."

"ते तुझी आईपण करायची."

"आप्पा, मी गंमत करत नाहीये. आज पहाटे कुठे होतात?"

"फिरायला."

"कोणाबरोबर?"

"सोनवणे आणि देवधर. रोजच जातो आम्ही. तुला काय माहीत नाही?"

"कुठल्या रस्त्याने गेलात?"

"या गावात सगळे रस्ते सारखे, सगळी घरं सारखी. कुठला म्हणून सांगू? घरी परत येतो हेच नशीब."

"माकडटोपी कुठे आहे तुमची?"

"वाळत घातलीय." आता ते जरा सावरून बसले. छातीवर हात बांधले. हेडमास्तर म्हणून शेकडो पोरांना समोर उभं करून त्यांनी हेच केलं होतं, त्यामुळे डाव त्यांना पाठ होता. "नुसते प्रश्न विचारून काय होणार? पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

"बुटके."

त्यांचे हात सुटले. "कसले बुटके?"

"दाढीवाले. उंचीप्रमाणे उभे केलेले."

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मी काही बोलले नाही. हेही त्यांच्याकडूनच शिकले होते. पोराला बोलू द्यायचं असेल तर आपण गप्प बसायचं. थोडा वेळ त्यांनी तग धरला. मग राहवलं नाही.

"वेडेवाकडे पडले होते गो ते," ते काकुळतीने म्हणाले. "एक तर बर्फात तोंडावर पडलेला. बघवेना मला."

झालं. आमच्या खात्यात पुढे मी शंभर कबुल्या घेतल्या असतील, पण इतकी मनापासून दिलेली एकही नव्हती.

मग सगळं धबाधबा बाहेर आलं. मागच्या वर्षी ते मंडळाच्या होळीला गेले होते. तिथे उदयने दुकानातून प्लास्टिकच्या वेष्टनातला लाकडांचा गठ्ठा विकत आणला होता, वर किमतीची चिठ्ठी. होळीसुद्धा तिथीला नव्हती, सोयीच्या शनिवारी होती. तिथी सोडून दिली त्यांनी, पण विकतचं लाकूड त्यांच्या जिवाला लागलं. "विकतच्या लाकडाची होळी!" ते आताही तळमळून म्हणाले. "अगो, होळीचं लाकूड चोरूनच आणायचं असतं! एका घरचं एक. सगळ्या गावाचं थोडं थोडं जळलं पाहिजे, तर ती गावाची होळी. आम्ही तर एकदा पोलीसपाटलाच्या दाराची फळी आणली होती. तो दुसऱ्या दिवशी हसत होता." मग सोनवणेकाका आणि देवधरकाका, दोघेही मुलांकडे आलेले, दोघांचेही दिवस जाता जात नसलेले, त्यांना सामील झाले. तिघांनी रोज पहाटे एकेक लाकूड आणून बागेतल्या निवाऱ्यामागे ताडपत्रीखाली ठेवलं.

"पण चाक, आप्पा?"

"दोन आरे तुटलेलं चाक! बर्फात टाकून दिलेलं! आपल्याकडे असं चाक उकिरड्यावरसुद्धा कोणी ठेवणार नाही. मला वाटलं, बिचारीला उचलून न्यायला कोणी नाही."

"आणि बोंब कोणी मारली?"

"सोनवण्याने," ते पटकन म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं, मी."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते चाक कोणाचं, मिसेस हालव्हर्सन कोण, प्रमुखांचा फोन, माझी महिनाअखेर संपणारी मुदत. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. पण मग तो एकदम उजळला, आणि त्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली.

"मग सोपं आहे की! संध्याकाळच्या आत चाक गुपचूप त्यांच्या अंगणात नेऊन ठेवू. तूच पोलीस, कोण विचारणार तुला? मिटवून टाक."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. शब्द तोंडातून गेला होता. तो परत त्यांच्या कानांपर्यंत यायला थोडा वेळ लागला. मग आप्पांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मिटवणार नाही, आप्पा," मी म्हटलं. "तुमचंही नाही."

त्यांच्यासमोरच मी सार्जंटना फोन लावला. चाक सापडलं, मंडळाच्या होळीपाशी बागेत आहे, चोर तीन, मुख्य चोर माझे वडील, त्यांनी कबुली दिली आहे, आणि ते माझे वडील असल्यामुळे पुढचं काम मी करू नये.

"दात?" सार्जंटनी विचारलं.

"सगळे शाबूत आहेत."

"बागेत ये," ते म्हणाले. "मी मिसेस हालव्हर्सनना घेऊन येतो. कोणाला हलू देऊ नकोस."

आप्पांनी कोट चढवला. निघताना पुरणावर झाकण ठेवायला मात्र विसरले नाहीत.

बागेत ऊन कलायला लागलं होतं. मंडळाने रीतसर परवानगी काढलेल्या शेकोटीच्या रिंगणात या वर्षी जी होळी रचली होती, ती बघून मला गलबलून आलं, हे खरं सांगितलं पाहिजे. अशी होळी मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. काठ्या, फळ्या, खांब, बाकाचा पाय, सगळं नीट निमुळतं रचलेलं, आणि सर्वांत वर मुकुटासारखं मिसेस हालव्हर्सनचं चाक. शेजारी सोनवणेकाका, नाशिकच्या एसटी डेपोचे निवृत्त मॅनेजर, कमरेवर हात ठेवून आपल्या कामगिरीकडे पाहत होते. देवधरकाका नारळ घेऊन उभे होते. ते फार बोलत नसत, नारळ मात्र त्यांच्या हातात कायम असे.

मी परिस्थिती सांगितली तसे सोनवणेकाका खालीच बसले. "गेला माझा व्हिसा! हेमाताई, नातवाचं बारसं राहिलंय हो! मी यांना म्हटलं होतं, चाक नको, चाकाला मागे नंबर असतो!"

"चाक खाली काढा," मी म्हटलं.

आणि इतका वेळ खाली मान घालून उभे असलेले आप्पा ताठ झाले. "ते नाही होणार."

"आप्पा!"

"मला तुरुंगात घाल. विमानात बसवून परत पाठव. पण होळीत पडलेलं लाकूड परत काढत नाहीत. आमच्या सात पिढ्यांत कोणी काढलं नाही. होळीचं झालं ते होळीचं."

सार्जंटची गाडी फाटकातून आत वळताना मला दिसली. वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून मी त्यांच्याच भाषेत विचारलं. "पूजा झाली का?"

"अजून नाही. गुरुजी पाचला येणार."

"नैवेद्य?"

"पुरणाखालचा गॅस तर तूच बंद करायला लावलास."

"मग ही होळी कशी? पूजा नाही, नैवेद्य नाही, अग्नी नाही. ही नुसती लाकडाची मोळी आहे. आणि मोळीतून काय वाटेल ते काढता येतं."

आप्पांनी देवधरकाकांकडे पाहिलं. देवधरकाकांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य बोलले. "मुद्दा बरोबर आहे, मास्तर."

मिसेस हालव्हर्सन गाडीतून उतरून आमच्यापर्यंत आल्या तेव्हा तिन्ही आजोबा चाक खाली उतरवून, त्याच्यामागे उंचीप्रमाणे उभे होते. ते कोणी मुद्दाम केलं नव्हतं. आप्पांच्या शेजारी कोणीही उभं राहिलं की असंच होतं.

सार्जंटनी मला खूण केली, "तू बोल. मी ऐकतो." मी मिसेस हालव्हर्सनना सगळं सांगितलं. हिवाळा संपताना आमच्याकडे लाकडं रचून जाळतात. जुनं, वाईट, साचलेलं सगळं त्यात जावं म्हणून. आणि ती लाकडं चोरायची, तीही शेजाऱ्यांची, अशी पद्धत आहे. त्या चाकावरून हात फिरवत ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "आणि ज्याचं चोरलं त्याने काय करायचं? काहीच नाही?"

मी आप्पांना विचारलं. ते पुढे आले, घसा साफ केला आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत स्वतःच म्हणाले, "मॅडम, त्याने चोराला शिव्या द्यायच्या. पोटभर. चोराने मान खाली घालून ऐकायच्या. हा तुमचा हक्क आहे."

"कितीही वाईट?"

"जितक्या वाईट, तितकं पुण्य."

मिसेस हालव्हर्सननी आजूबाजूला पाहिलं. आयुष्यभर तिसरीच्या पोरांसमोर या बाईने एक वावगा शब्द काढला नव्हता. रविवारी चर्च चुकवलं नव्हतं. त्यांनी हातमोजे काढून सार्जंटच्या हातात दिले आणि सुरू झाल्या. आधी जरा चाचरत, मग जोरात. त्या शेतकऱ्याच्या घरात वाढल्या होत्या हे मला तेव्हा कळलं, कारण डुकरं, कोंबड्या, शेणाचे ढीग आणि आप्पांचे पूर्वज यांचा त्यांनी असा मेळ घातला की सार्जंट ब्रूबेकरांचे कान लाल झाले. आप्पा मान खाली घालून उभे होते. मधूनमधून "क्या बात है" अशा अर्थाने त्यांची मान हलत होती. मग इंग्रजी संपलं आणि त्या नॉर्वेजियनवर घसरल्या. बाई थांबल्या, दम घेतला, "अजून एक आठवलं," म्हणाल्या आणि तेही दिलं.

मग त्या वर बघायला लागल्या. आवाज बदलला. "आणि तू, आर्ने!" त्या म्हणाल्या. आर्ने म्हणजे त्यांचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेलेला. "दोन आरे बसवून देतो म्हणालास. दर वसंतात म्हणायचास. आणि मग खुशाल मरून गेलास, माणसा!"

बाईंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि बाकावर बसल्या. देवधरकाका गेले आणि पंगतीसाठी कोणी आधीच आणून ठेवलेल्या डब्यातली पुरणपोळी कागदी बशीत घालून, वर तूप सोडून घेऊन आले. मिसेस हालव्हर्सननी ती सगळी खाल्ली.

"किती वर्षांनी इतकं हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या. "तक्रार मी मागे घेते. पण या तिघांनी माझे दोन आरे बसवून दिले पाहिजेत."

"मॅडम, डेपोत सतरा प्रकारची चाकं बसवली आहेत," सोनवणेकाका उठून उभे राहत म्हणाले. माझ्या भाषांतराचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

सार्जंट मला बाजूला घेऊन गेले. "तक्रार नाही, गुन्हा नाही. बाकीच्या घरांच्या टोमॅटोच्या काठ्या तुझे वडील भरून देतील असं मी समजतो." मग त्यांनी टोपी मागे सरकवली. "तू मला फोन केला नसतास तर मला कधीच कळलं नसतं. चाक परत अंगणात आलं असतं आणि मी दातांच्या डॉक्टरांना फोन करत बसलो असतो."

"हो."

"सोमवारी तुझे कागद प्रमुखांकडे जातील. कायम म्हणून." जाता जाता ते वळले. "तो तोंडावर हात मारायचा प्रकार, तो कसा करतात?"

त्या संध्याकाळी चाकाशिवाय होळी पेटली आणि मेपलफर्ड पोलीस खात्याच्या एका सार्जंटने तिच्यापुढे उभं राहून, गणवेशात, बोंब मारली. जमली नाही नीट, पण आप्पांनी त्याला दुरुस्त करून दिली.

माझ्याशी मात्र आप्पा रात्री एक अक्षर बोलले नाहीत. जेवले, अंथरुणावर पडले, भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांना रागावलेले समजले. नोकरी राहिली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण घास काही नीट उतरला नाही.

सकाळी जाग आली ती त्यांच्या आवाजाने. ते स्वयंपाकघरात फोनवर होते, गुहागरला, धाकट्या भावाशी, माझ्या दत्तूकाकाशी. तिथे संध्याकाळ असणार. आप्पांना अजूनही वाटतं की समुद्रापलीकडे बोलायचं तर तेवढ्याच जोरात बोललं पाहिजे, त्यामुळे पलीकडचं सोडून मला सगळं ऐकू येत होतं. मी जिन्यातच थांबले.

"अरे, पकडलं म्हणजे काय, पुराव्यासकट पकडलं! ... मला, मला! रघुवीर मयेकरला! ... कोणी काय विचारतोस? आमच्या हेमाने!" मग जरा थांबले. "बँकेत? छे रे. बँकेत ती कधीच नव्हती. ती मीच तुम्हाला मारलेली थाप, इतकी वर्षं. सगळ्या गावाला सांगितलं होतं ना मी, बँकेत आहे म्हणून? आता सगळ्यांना सांग. आजच सांग. पोलिसांत आहे ती. डिटेक्टिव्ह आहे."

मी तिथेच पायरीवर बसले.

पलीकडून दत्तूकाकाने काहीतरी विचारलं असावं, आणि जे विचारलं ते आप्पांना मुळीच आवडलं नसावं, कारण त्यांचा आवाज असा चढला की ओट्यावरच्या बरण्यासुद्धा सावधान झाल्या असतील.

"मिटवलं? माझ्या लेकीने? अरे दत्तू, सख्ख्या बापाचं मिटवलं नाही तिने!"